रिक्षाचा नंबर काय होता?

गुरुवारी दुपारी चहा झाल्यावर ऑर्डर हातात पडली. तारीख ३ नोव्हेंबर २०२२. मंगळवारी सकाळी गडचिरोलीच्या कार्यालयात हजर व्हायचं, तिथल्या जुन्या नोंदी तपासायच्या, काम संपेपर्यंत तिथेच राहायचं. पुण्याहून गडचिरोली म्हणजे रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तिथून एसटीने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत पुढे. म्हणजे रविवारी रात्री निघायलाच हवं. हातात दोनच दिवस होते. मंगळवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, हे ऑर्डर काढणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करतो. खात्याचं नाव सांगून काही उपयोग नाही, टीए बिलाची, म्हणजे प्रवास भत्त्याच्या बिलाची, कथा सगळीकडे सारखीच असते. माझा पे लेव्हल सात. टूरवर गेलं तर काय मिळतं याचे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण चार वर्षं मीच बिल सेक्शनच्या टेबलावर बसत होतो. दुसऱ्यांची बिलं पास करायची किंवा परत पाठवायची, हे माझं काम होतं. परत पाठवण्यात माझा हात जरा सैल होता, हे पुढे येईलच.

सातव्या वेतन आयोगानंतर अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ रोजी एक ज्ञापन, म्हणजे लेखी कार्यालयीन आदेश, काढलं. टूरचा सगळा हिशेब त्यावर चालतो. लेव्हल सहा ते आठच्या माणसाला तेव्हा राहण्यासाठी दिवसाला ७५० रुपयांपर्यंत, शहरातल्या शहरात फिरण्यासाठी २२५ रुपयांपर्यंत आणि जेवणासाठी ८०० रुपये. रेल्वेत सेकंड एसी. विमानाचा इकॉनॉमी क्लासही चालतो, पण गडचिरोलीला विमान कुठलं! जेवणाचे ८०० हे ठोक मिळतात. त्याची पावती कोणी मागत नाही. मुख्यालयाबाहेर, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या गावाबाहेर, बारा तासांपेक्षा जास्त असाल तर पूर्ण, सहा ते बारा तास असाल तर सत्तर टक्के, सहाच्या आत असाल तर तीस. दिवस मोजायचा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत.

ॲडव्हान्स मागितला नाही. मागितला असता तर तो मंजूर होऊन खात्यात येईपर्यंत मी गडचिरोलीहून परत आलो असतो. बायको म्हणाली, "म्हणजे परत आपल्याच पैशांनी सरकारचं काम?" मी म्हटलं, "परत मिळतात गं." ती काही बोलली नाही. तिला माझ्या आधीच्या दोन टूर लक्षात होत्या.

सेकंड एसी मिळालं नाही, तत्काळमध्ये थर्ड एसी मिळालं. १,५६० रुपये, वर तिकीट काढणाऱ्या साइटचं सुविधा शुल्क ३५ रुपये ४० पैसे. हे चाळीस पैसे मुद्दाम लिहितोय.

सोमवारी रात्री गडचिरोलीत पोचलो तेव्हा चांगलीच थंडी पडली होती. बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली, साडेसहाशे रुपये. मंगळवारी सकाळी ऑफिसला गेलो तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "आज सुट्टी हाय ना जी, सायेब." लॉजवर परत आलो तर शेजारची खानावळ बंद, कारण त्याच दिवशी चंद्रग्रहण होतं. ८ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा. संध्याकाळी चंद्र उगवला तोच ग्रासलेला. लॉजच्या गच्चीवर उभा राहून तो पाहिला आणि खोलीत येऊन केळी आणि घरून आणलेला दिवाळीचा उरलेला चिवडा खाल्ला. त्या दिवसाचा माझा जेवणाचा खर्च केळ्यांचे चाळीस रुपये. त्या दिवसाचे ८०० रुपये मला सरकारने एकही प्रश्न न विचारता दिले.

हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याच्याशी ताडून बघायला उपयोगी पडेल.

कामाबद्दल फार सांगत नाही, धुळीतल्या रजिस्टरांमध्ये कोणाला रस असणार. बारा रात्री गडचिरोलीत काढल्या आणि चार अहेरीला. अहेरीकडचा रस्ता चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा जातो. भाताची कापणी चालू होती, रस्त्याच्या कडेला धानाचे भारे रचलेले. अहेरीत लॉज भरलेलं होतं म्हणून ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने एका घराच्या माडीवरची खोली मिळाली. चारशे रुपये रोज, सकाळी अंघोळीला चुलीवरचं गरम पाणी. त्या जागेला पाटी नव्हती. घराला नाव नव्हतं. पावती म्हटल्यावर घरमालक नुसते हसले.

गडचिरोलीच्या लॉजवाल्याकडे मात्र पावतीपुस्तक होतं. निघताना त्याने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "सायेब, कितीचं बनवू?"

प्रश्नात लबाडी नव्हती, रोजचाच प्रश्न होता. चहा किती साखरेचा, तसं बिल कितीचं. साडेसातशेची मर्यादा त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. बारा रात्रींचे बाराशे रुपये सुटले असते. मी साडेसहाशेच लिहायला सांगितलं. हा प्रामाणिकपणा होता असं म्हणायला मला आवडेल, पण त्यात अर्धी भीती होती. बिलाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपलं बिल कोण कसं वाचणार हे आधीच दिसत असतं.

जीपचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

अहेरीपासून एकतीस किलोमीटरवर एका गावात एक जुनी नोंद प्रत्यक्ष पाहायची होती. त्या गावाला एसटी आहे, पण मुक्कामी. संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. गावातल्या माणसाला तालुक्याला जाऊन यायला ती वेळ अगदी बरोबर आहे. तालुक्याहून गावात दिवसा जाऊन येणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. तिने गेलो असतो तर रात्री पोचलो असतो आणि काम उघडायच्या आत पहाटे परत निघालो असतो. काळीपिवळीही त्या बाजूला आठवडी बाजाराच्या दिवशीच धावते. शेवटी एक जीप ठरवली. जाऊन-येऊन बासष्ट किलोमीटर, तीन तास थांबायचे, पंधराशे रुपये.

परत आल्यावर मी ड्रायव्हरकडे पावती मागितली. त्याने आधी विचारलं, "कायले पायजे पावती?" मी सांगितलं, ऑफिस हे पैसे मला परत देतं, पण कागद लागतो. तो विचारात पडला. मग घरात गेला आणि मुलाच्या चौरेघी वहीचं पान फाडून आणलं. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, पुण्याच्या सायबाकडून पंधराशे रुपये भेटले. गाडीचा नंबर लिहिला, सही केली, आणि जरा थांबून आपला मोबाइल नंबरही लिहिला. "काही इचारलं तर फोन लावा म्हना." चौरेघी वहीवर लिहिल्यामुळे अक्षर मोठं आणि सुबक आलं होतं. इतकी स्वच्छ पावती मला त्या सगळ्या टूरमध्ये दुसरी मिळाली नाही.

२३ तारखेला निघालो, २४ च्या सकाळी गाडी पुण्यात आली. स्टेशनवर उतरलो तेव्हा अकरा पन्नास. म्हणजे त्या दिवशी मुख्यालयाबाहेर अकरा तास पन्नास मिनिटं, सत्तर टक्के, ५६० रुपये. गाडी आणखी दहा-पंधरा मिनिटं रखडली असती तर पूर्ण आठशे. सोबतचा एक सहकारी म्हणाला, "बारा पाच लिही की, कोण बघतंय?" मीच बघायचो! बिल सेक्शनला असताना गाडी कधी आली हे मी रेल्वेच्या साइटवर तपासायचो. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटायचा.

बिल लिहायला बसलो रविवारी. जेवण: पहिल्या रात्री निघालो तो तुकडा तीस टक्क्यांचा, २४०. मग सतरा पूर्ण दिवस, १३,६००. शेवटचे ५६०. एकूण १४,४००. राहणं: बारा रात्री साडेसहाशेने ७,८०० आणि चार रात्री चारशेने १,६००, मिळून ९,४००. रेल्वे जाताना १,५६०, येताना सेकंड एसी १,६९०, दोन्हीचं सुविधा शुल्क ७० रुपये ८० पैसे. एसटी ८५०. गडचिरोलीत लॉज ते ऑफिस रिक्षा, दहा दिवस, जाऊन-येऊन ऐंशी, म्हणजे ८००. घर ते स्टेशन आणि नागपूरला स्टेशन ते बसस्टँड मिळून ६००. जीपला ज्ञापनातल्या किलोमीटरच्या दराने, २४ रुपये, १,४८८. वरचे बारा रुपये मी सोडून दिले. बेरीज ३०,८५९.

५ डिसेंबरला बिल इनवर्डला, म्हणजे आवक नोंदीच्या टेबलावर, दिलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का, नंबर, तारीख घेतली. टीए बिलाची मुदत टूर संपल्यापासून साठ दिवस. पूर्वी वर्षभर असायची, १३ मार्च २०१८ च्या ज्ञापनाने ती साठ दिवसांवर आणली. माझा साठावा दिवस २३ जानेवारी. भरपूर वेळ आहे असं वाटलं.

२१ डिसेंबरला मेमो आला.

आता त्या टेबलावर एक तरुण मॅडम बसतात, कामाला चोख. मेमोत त्यांनी विचारलं होतं: लॉजची पक्की बिलं कुठे आहेत, अहेरीच्या निवासाचं नाव काय, रिक्षांचे नंबर काय, एसटीचं एक तिकीट कोरं का आहे, सार्वजनिक वाहन असताना जीप का केली. आणि शेवटी, मुळात ही टूर आहे का?

कोऱ्या तिकिटाचं आधी सांगतो. एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट उष्णतेवर छापलं जातं. ते पाकिटात, खिशात, उन्हात राहिलं की अक्षरं उडतात. नागपूर ते गडचिरोलीचं माझं तिकीट महिन्याभरात पांढरं फटफटीत झालं होतं. फक्त कडेला एक राखाडी डाग. त्याचा फोटो मी बसमध्येच काढला होता म्हणून वाचलो. तुम्हीही बसमध्ये बसल्याबसल्या काढत जा, घरी जाऊन काढू म्हणू नका.

लॉजच्या बिलाबद्दल मी ज्ञापनाची प्रिंट घेऊन गेलो. त्यात स्वच्छ लिहिलंय की लेव्हल आठ आणि त्याखालच्या कर्मचाऱ्याचा मर्यादेतला दावा पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर द्यावा. मुक्कामाचा कालावधी आणि राहण्याच्या जागेचं नाव तेवढं स्पष्ट सांगावं. मॅडमनी वाचलं, परत वाचलं. म्हणाल्या, "सर, पण आपण तर नेहमी बिल घेतो."

"मुंबई-दिल्लीसारख्या एक्स वर्गातल्या शहरात हजारापर्यंत मागायचे असतील तर बिल लागतं. वरच्या लेव्हलला लागतं. गडचिरोलीला, माझ्या लेव्हलला, नाही लागत."

"ऑडिटवाले विचारतील तेव्हा मी काय दाखवू?"

"हेच ज्ञापन दाखवा."

"ते म्हणतील, ज्ञापनात द्यावं लिहिलंय, पण तुम्ही खात्री काय केलीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या टेबलावर असताना ऑडिटने माझ्यावरही असाच एक पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, काढला होता, किरकोळ रकमेचा. दोन वर्षं त्याला उत्तरं देत होतो. त्यानंतर मी प्रत्येकाकडे सगळं मागायला लागलो. नियमात आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, माझ्या अंगाशी येऊ नये एवढंच होतं. मॅडम माझ्याच वळणावर चालल्या होत्या. ते वळण कदाचित मीच पाडून ठेवलं होतं.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं अकराशे रुपयांचं बिल मी तीनदा परत पाठवलं होतं. एकदा बसच्या तिकिटाचा नंबर नाही म्हणून, एकदा निघायची वेळ नाही म्हणून, तिसऱ्यांदा कशासाठी ते आता आठवतही नाही. चौथ्यांदा ते आलेच नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला तेव्हा मला त्या बिलाची आठवणही नव्हती. ती झाली २१ डिसेंबरला, मेमो हातात घेऊन जिन्यात उभा होतो तेव्हा.

लॉजचं बिल माझ्याकडे होतं, ते जोडलं. अहेरीसाठी प्रमाणपत्र लिहून दिलं: दिनांक अमुक ते अमुक, अहेरी येथे खाजगी घराच्या माडीवरील खोली, घरमालकांचं नाव, मोहल्ला. "निवासाचे नाव" या रकान्यात "माडी" एवढाच शब्द टाकला. साहेबांनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

रिक्षांचं अवघड होतं. त्याच ज्ञापनात शहरातल्या प्रवासाबद्दलही लिहिलंय की पावती नको, पण प्रवासाचा कालावधी आणि गाडीचा नंबर द्यावा. म्हणजे मॅडमचं बरोबरच होतं. पुण्या-नागपूरच्या रिक्षा ॲपवरून केल्या होत्या, त्यांचे नंबर मोबाइलमध्ये सापडले. गडचिरोलीत मात्र एकच रिक्षावाला रोज यायचा आणि त्याच्या रिक्षाच्या नंबराकडे दहा दिवसांत माझं एकदाही लक्ष गेलं नव्हतं. आपण रिक्षाचा नंबर बघतो का कधी? त्याचा फोन मात्र "रिक्षा गडचिरोली" म्हणून होता. लावला. म्हटलं, "दादा, तुमच्या रिक्षाचा नंबर हवाय." पलीकडे शांतता. मग घाबऱ्या आवाजात, "काऊन जी? काही झालं का?" पोलिसांचं काही नाही, माझ्याच बिलासाठी पाहिजे, हे समजावायला पाच मिनिटं लागली. अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर नंबरप्लेटचा फोटो आला. त्याने ती आधी फडक्याने पुसली असावी, कारण रिक्षाच्या बाकी मागच्या बाजूला चिखल होता आणि प्लेट चकाकत होती.

रोजच्या ऐंशी रुपयांसाठी हे सगळं. आणि त्याच बिलात चौदा हजार चारशे रुपये जेवणाचे, ज्याबद्दल मेमोत चकार शब्द नाही. खरं तर माझा जेवणाचा खर्च रोज अडीचशेच्या वर गेला नव्हता. भाजी-भाकरी, वरण-भात, कधी झणझणीत रस्सा. म्हणजे जेवणात मला साडेनऊ-दहा हजार सुटले, आणि ते नियमाने सुटले. जिथे पैसे खरंच गेले तिथे पुरावा मागतात. जिथे गेले नाहीत तिथे मात्र विश्वास. ठोक रकमेने कागद वाचतात, वेळ वाचतो, त्यामागचा विचार चुकीचा नाही. मग हीच ठोक पद्धत रिक्षाला लावायला काय हरकत आहे, हे मला चार वर्षं त्या टेबलावर बसूनही कळलेलं नाही.

टीएचे नियम ज्या मूलभूत आणि पूरक नियमांत बसतात ते १ जानेवारी १९२२ पासूनचे. त्यातल्या चव्वेचाळिसाव्या मूलभूत नियमाचा मथितार्थ असा की भत्ता असा ठरवावा की एकूणात तो घेणाऱ्याच्या नफ्याचं साधन होऊ नये. बिल सेक्शनला असताना हे वाक्य मी लोकांना ऐकवायचो. तोटा होऊ नये असं वाक्य कुठे आहे का, हे शोधायची वेळ तेव्हा आली नव्हती.

"ही टूर आहे का" हा प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नव्हता. ऑर्डरमध्ये "टूर" हा शब्दच नव्हता. "तात्पुरती नेमणूक" असं लिहिलं होतं. नेमणूक म्हणजे बदली, बदली म्हणजे वेगळा भत्ता, वेगळा फॉर्म. नियम असा आहे की १८० दिवसांपर्यंतची तात्पुरती बदली टूरसारखीच धरायची, म्हणजे पैसे तेच मिळतात. पण ते कोणीतरी लिहून द्यायला पाहिजे. ऑर्डर मुख्य कार्यालयातून आलेली, त्यामुळे शुद्धिपत्रकही तिथूनच यायला हवं. मी २ जानेवारीला बाकी सगळ्या पूर्ततेसह बिल परत दिलं, शुद्धिपत्रकासाठी वेगळं पत्र पाठवलं आणि रोज फोन करत बसलो. ज्यांनी ऑर्डर टाइप केली ते रजेवर, ज्यांनी सही केली त्यांची बदली झालेली. १७ तारखेला बिल दुसऱ्यांदा परत आलं, फक्त शुद्धिपत्रकासाठी. शुक्रवारी, २० तारखेला संध्याकाळी ते मेलवर आलं. दीड ओळ. "तात्पुरती नेमणूक" ऐवजी "दौऱ्यावर प्रतिनियुक्त" असे वाचावे. दीड ओळीसाठी अठरा दिवस.

सोमवारी, २३ जानेवारीला, साठाव्या दिवशी, मी बिल तिसऱ्यांदा दिलं. इनवर्डवरचा मुलगा म्हणाला, "काका, हे तर आधीपण दिलं होतं ना?" मी ५ डिसेंबरचा शिक्का असलेली प्रत वर लावली. पुढे साहेबांकडे हाच मुद्दा निघाला: साठ दिवस पहिल्यांदा दिल्यापासून मोजायचे की पूर्ण झालेलं बिल आल्यापासून? माझं दोन्हीकडून बसत होतं म्हणून वाद झाला नाही. नसतं बसलं तर त्या शिक्क्यावरच सगळं अवलंबून होतं.

राहिली जीप. सार्वजनिक वाहन उपलब्ध नव्हतं असं मी लिहून दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, एसटीचं काही पत्र मिळेल का?" मला वाटलं, हे तर सोपं आहे. अहेरीच्या ऑफिसातल्या माणसाला डेपोत पाठवलं. कंट्रोलरने शिक्का मारून वेळापत्रकच दिलं. त्यात त्या गावाची गाडी होती. जाण्याची वेळ संध्याकाळी, येण्याची पहाटे, रोज. माझ्याच हाताने मी माझ्याविरुद्ध पुरावा आणला होता.

मी मुक्कामी गाडी म्हणजे काय ते समजावलं. मॅडमना समजलं. साहेबांनाही समजलं, त्यांचं बालपण गावात गेलेलं. पण कागदावर "उपलब्ध" आणि "अनुपलब्ध" असे दोनच शब्द होते, आणि "आहे पण उलटी आहे" याला रकाना नव्हता. जीपचे १,४८८ कापले आणि त्या जागी बसचं जाऊन-येऊन भाडं शंभर रुपये धरलं. सुविधा शुल्काचे ७० रुपये ८० पैसे गेले, ते तिकिटाच्या भाड्यात धरत नाहीत म्हणे. पूर्ण रुपयांत करून ७१ कापले. बिल २९,४०० ला पास झालं. इतका गोल आकडा पाहून मीच बेरीज परत केली.

पास झाल्यावरही पैसे लगेच नाहीत. प्रवासखर्चाच्या हेडमध्ये शिल्लक नव्हती, वर्षअखेर जवळ आली की असंच होतं. वाढीव तरतूद येईपर्यंत थांबा. जानेवारीत मुलाच्या क्लासची फी भरायची होती, ती बायकोच्या खात्यातून गेली. ती तेव्हाही काही बोलली नाही, पण फीची पावती माझ्या टेबलावर ठेवून गेली. २१ फेब्रुवारीला मोबाइलवर मेसेज आला, रक्कम जमा. गडचिरोलीहून परतल्याला तीन महिने होत आले होते.

दर पुढे वाढले असणार. ज्ञापनातच लिहिलेलं होतं की महागाई भत्ता पन्नास टक्के झाला की राहण्याचे आणि फिरण्याचे दर पंचवीस टक्क्यांनी वाढतील, आणि जानेवारी २०२४ पासून तो पन्नास टक्के झाला. रकाने मात्र तेच आहेत.

पैसे जमा झाले त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. जीपवाला होता. माझा नंबर त्याने अहेरीच्या ऑफिसमधून घेतला होता. कामाचं काही नव्हतं. थोडा वेळ धान किती झालं, थंडी ओसरली का, असं बोलला. मग म्हणाला, "सायेब, ते पावतीचे पैसे भेटले का जी तुमाले?"

चौरेघी वहीचं पान तेव्हा माझ्या समोरच होतं. मेमोबरोबर परत आलेलं, वर कोपऱ्यात लाल पेनाने "अमान्य" लिहिलेलं.

"मिळाले," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "मले वाटलं, पोराच्या वहीचं पान हाय, चालते का नाही चालत."